युक्तिवाद होऊन सात महिने झाले तरी निकाल नाही. न्यायाधीशांवर कारवाई होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाटपाचा दावा, दोन्ही वकिलांचा युक्तिवाद संपून सात महिने झाले, तेव्हापासून नुसत्या तारखा. अशा न्यायाधीशांवर काही कारवाई होते का आणि तक्रार कुठे करायची?

मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टांत बरीच वर्षे बेंच क्लार्क होतो, आता निवृत्त आहे. वकील नाही, त्यामुळे हा कायदेशीर सल्ला समजू नका. पण निकालावर ठेवलेली फाईल कुठे जाते आणि कशी परत येते, हे मी न्यायाधीशांच्या डाव्या हाताला बसून पाहिलं आहे.

होते. खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशांवर कारवाई होते, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा कडक होते. पण ती ज्या गोष्टीची होते, ती तुमची अडचण असेलच असं नाही.

आधी कायदा. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 20, नियम 1 सांगतो की सुनावणी संपल्यावर शक्य तर लगेच निकाल द्यावा, नाहीतर 30 दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा. अगदीच असाधारण कारण असेल तरी साधारणपणे 60 दिवसांच्या पुढे जाऊ नये. आणि निकालाची तारीख पक्षकारांना आधी कळवावी. सात महिने यात कुठेच बसत नाहीत. मात्र 60 दिवस उलटले तर काय, याबद्दल नियम गप्प आहे. फौजदारीत 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेत 45 दिवसांची मर्यादा आली. चुकली तर काय, ते तिथेही नाही.

मग धाक कसला? महिनाअखेरच्या तक्त्याचा. प्रत्येक कोर्टातून दर महिन्याला वर माहिती जाते: किती दावे निकाली, किती जुने शिल्लक, युक्तिवाद पूर्ण होऊन निकाल बाकी असलेले किती आणि का. तो रकाना न्यायाधीशांना टोचतो, कारण त्यावरून गोपनीय अहवालात शेरा पडतो. वयाच्या 50, 55 आणि 58 व्या वर्षी नोकरीत ठेवायचं की घरी पाठवायचं याचा आढावा होतो, तेव्हा हेच शेरे काढून बघतात.

आता या धाकाचं काय होतं ते सांगतो. एका तालुक्यात आमच्याकडे असाच वाटपाचा दावा होता. वादी म्हणजे ऐंशीच्या घरातली एक आजी, भावांविरुद्ध. युक्तिवाद झाला, फाईल साहेबांच्या चेंबरमधल्या लोखंडी कपाटात गेली. साहेब वाईट नव्हते. सकाळी रिमांड, मग साक्षी, दुपारी लोकअदालतीच्या बैठका. स्टेनो एकच आणि तोही दोन कोर्टांत वाटलेला. चाळीस पानांचा वाटपाचा निकाल लिहायला सलग तीन दिवस लागतात, ते त्यांना मिळेनात. शिवाय कामाचे युनिट मोजले जातात. तीन दिवसांत एक वाटप, नाहीतर तेवढ्याच वेळात चार-पाच सुटसुटीत प्रकरणं. माणूस काय निवडेल?

मुदत भरत आली की महिनाअखेरीला साहेब म्हणायचे, "ती फाईल बोर्डावर (म्हणजे त्या दिवसाच्या सुनावणीच्या यादीत) घ्या." मी रोजनाम्यात, म्हणजे दाव्यात प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या नोंदीत, लिहायचो: 'काही मुद्द्यांवर खुलाशासाठी पुन्हा युक्तिवादाकरिता ठेवले.' झालं! दावा 'निकाल'वरून 'युक्तिवाद'वर आला, तक्त्यातला रकाना कोरा, घड्याळ पुन्हा शून्यावर. पुढच्या तारखेला वकील उभे राहून "पूर्वीचाच युक्तिवाद कायम" म्हणायचे आणि फाईल परत कपाटात. असं तीनदा झालं. लिहिणारा हात माझा होता, हे नाकारत नाही.

यातली मेख पुढे कळली. आदेश 22, नियम 6 असा की सुनावणी संपल्यानंतर आणि निकालाआधी पक्षकार वारला, तर दाव्याला काही बाधा येत नाही, निकाल देता येतो. आजी वारल्या तेव्हा मात्र दावा कागदावर युक्तिवादाच्या टप्प्यात होता. म्हणजे सुनावणी संपलेलीच नव्हती. वारस दाखल करण्याचा अर्ज, नोटिसा, एक वारस पुण्यात, एक सुरतेला, समन्स परत. उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. नव्या बाईंनी सगळं पहिल्यापासून ऐकलं आणि तीन आठवड्यांत निकाल दिला. वादीच्या बाजूने, म्हणजे वारसांच्या.

त्या साहेबांवर कारवाई झाली नाही. कशी होणार? तक्त्यात त्यांची एकही फाईल मुदतीबाहेर नव्हती.

कडक कारवाई कशी असते तेही सांगतो. कर्नाटकातल्या एका दिवाणी न्यायाधीशांनी पूर्ण निकालपत्र तयार नसताना भर कोर्टात फक्त शेवटचा आदेश वाचून दाखवला, असा आरोप होता. त्यांनी बोट दाखवलं स्टेनोकडे: नवखा आहे, त्याला काम जमत नाही. बडतर्फी झाली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केली. (स्टेनोवर ढकलायचं होतं तर त्याला साक्षीला तरी बोलवायचं. आमच्या जमातीची बाजू घेतो असं म्हणा हवं तर.)

आता वरच्या मजल्यावर बघा. मद्रास उच्च न्यायालयात 2017 साली एका प्रकरणात फक्त आदेशाचा भाग जाहीर झाला. न्यायाधीश निवृत्त व्हायला पाच आठवडे होते. कारणांसह अडीचशेहून जास्त पानांचं निकालपत्र बाहेर आलं ते निवृत्तीनंतर सुमारे पाच महिन्यांनी. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये खरमरीत शब्दांत नापसंती व्यक्त केली, निकाल रद्द केला, प्रकरण परत पाठवलं. न्यायाधीशांना काय? काही नाही. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचाही एक आदेश आहे: 21 जानेवारी 2020 ला 'कारणे नंतर' म्हणून याचिका फेटाळल्या, कारणं आली 9 ऑक्टोबरला. मधले जवळपास नऊ महिने हरलेल्या पक्षाने कशाविरुद्ध दाद मागायची?

दोन्ही मजल्यांवरचा हा फरक राज्यघटनेतच आहे. खालच्या न्यायाधीशांवर अनुच्छेद 235 प्रमाणे उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला मात्र फक्त संसद काढू शकते, तेही गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध झाल्यावर, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशालाही हीच पद्धत; 1993 साली तिथल्या एका न्यायाधीशाविरुद्धचा असा प्रस्ताव लोकसभेत पडला. 2011 साली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेने मंजूर केला, पण लोकसभेत जाण्याआधी न्यायाधीशांनी राजीनामा दिला. दोन्ही प्रकरणं पैशांची होती. उशिरासाठी एवढा खटाटोप कोण करणार? मुख्य न्यायमूर्ती फार तर एखाद्या न्यायाधीशाला कामाचं वाटप कमी करतील.

म्हणून 2001 साली, 'अनिल राय विरुद्ध बिहार राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेचा नाद सोडून पक्षकाराच्या हातात काहीतरी दिलं. तिथे पाटणा उच्च न्यायालयाने युक्तिवाद ऐकून दोन वर्षं निकाल दिला नव्हता. ठरलं असं की तीन महिने उलटले तर लवकर निकालासाठी अर्ज करता येईल, आणि सहा महिने उलटले तर प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे द्या म्हणून मुख्य न्यायमूर्तींकडे जाता येईल. हे उच्च न्यायालयांसाठी आहे. किती पाळलं गेलं? झारखंडमध्ये जन्मठेपेच्या चार कैद्यांची अपिलं युक्तिवादानंतर दोन-तीन वर्षं तशीच पडून होती. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर मे 2025 मध्ये निकाल लागला, आणि त्यातले तिघे निर्दोष सुटले.

बाहेर काय करतात? फिलिपाइन्समध्ये खालच्या कोर्टांना राज्यघटनेनेच तीन महिन्यांची मुदत घातली आहे. मुदतीबाहेरचं प्रकरण शिल्लक नाही, असं प्रमाणपत्र न्यायाधीशाला सही करून द्यावं लागतं. चुकलं की दंड, निलंबन. निवृत्त झाला तरी देण्यातून दंड कापून घेतात. कॅलिफोर्नियात 90 दिवसांपुढे प्रकरण राहिलं तर तेवढ्या काळात पगार घेता येत नाही. ऐकायला छान वाटतं. पण पगारच अडकणार असेल तर 'खुलाशासाठी' किती फायली बोर्डावर येतील, याचा अंदाज मला आहे. नुसता निकालाचा उशीर मोजून भागणार नाही, फाईल मागच्या टप्प्यावर कितीदा आणि का गेली तेही मोजायला हवं. ते रोजनाम्यात असतं, कोणी वाचत नाही एवढंच.

तुम्ही काय कराल? आधी ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर 16 अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा वेगळा ओळख क्रमांक) टाकून दाव्याचा टप्पा बघा. 'निकाल' दिसत असेल तर वकिलांकरवी त्याच कोर्टात साधा, नम्र अर्ज द्या: युक्तिवाद अमुक तारखेला पूर्ण, आदेश 20 नियम 1 प्रमाणे निकालाची तारीख नेमावी. वकील कुरकुरतील, त्यांना रोज त्याच कोर्टात उभं राहायचं असतं. तरी द्यायला लावा, कारण अर्जाला निशाणी (फाईलमधला नोंद क्रमांक) पडते आणि त्यावर काहीतरी आदेश लिहावाच लागतो. दाद लागली नाही तर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे जा, आणि त्यानंतर अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालयात, ठराविक मुदतीत निकाल द्यावा असा आदेश मागायला. न्यायाधीशांविरुद्ध रीतसर तक्रार करायचीच असेल तर शपथपत्र आणि पडताळता येईल असा पुरावा जोडा. निनावी पत्रं टोपलीत जातात. 'पैसे खाल्ले असतील' वगैरे पुरावा नसताना लिहू नका, स्वतःच अवमानाच्या प्रकरणात अडकाल.

आणि टप्पा 'युक्तिवाद' दिसला, तर रोजनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल काढा. तो तिथे केव्हा आणि कोणत्या कारणाने परत गेला ते त्यात सापडेल. पुढच्या तारखेला वकिलांना सांगा, 'युक्तिवाद पूर्ण' एवढे दोन शब्द रोजनाम्यात आल्याशिवाय कोर्टातून हलू नका. तुमच्याकडे कोणी वयस्कर वादी असेल तर हे काम याच तारखेला करा.