पंचवीस जणांच्या लोकवाद्यवृंदात नव्याने येताय?

पहिले पंधरा दिवस वाजवण्यापेक्षा ऐक जास्त. गाणं कुठल्या पट्टीत, म्हणजे गायकाचा सा कुठल्या सुरावर आहे, ते आधी विचार. मुलांना काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) सोयीची, मुलींना बहुतेक काळी चार किंवा पाच. दोघांचं एकत्र गाणं असेल तर पट्टी ठरल्याशिवाय ढोलकी सुरात लावूच नकोस.

आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, चामडं ताणतं आणि सूर चढतो. उन्हात लावलेली ढोलकी थंड हॉलमध्ये तासाभरात उतरते. म्हणून वाद्यं अर्धा तास आधी स्टेजजवळ आणून ठेव, मग कीबोर्डच्या सा वर शाईची (काळ्या गोलाची) बाजू मिळव. हातोडी गजऱ्यावर (पानाभोवतीच्या गुंफलेल्या कड्यावर) हलकी, समोरासमोरच्या घरांवर, म्हणजे वाद्यांमधल्या जागांवर, आळीपाळीने. एकाच बाजूला ठोकत राहिलास की पान (वाजवायचं चामडं) वाकडं बोलतं. हलगी, म्हणजे एका बाजूने चामडं असलेलं पसरट वाद्य, मात्र शेकावीच लागते. शेकताना ती फिरवत ठेव, ज्वाळेपासून लांब, नाहीतर कातडं करपून फाटतं.

खरी अडचण ठेक्याची. भजनी ठेक्याला झोल (लयीतला हेलकावा) असतो, ड्रमसेटवर तो सरळ आठ सारख्या ठोक्यांत वाजवला की गाणं निर्जीव होतं. ड्रमवाल्याने ढोलकीचं ऐकायचं, उलटं नाही. बास गिटार आणि ढोलकीचा धुम (जाड, खालचा आवाज) एकाच मात्रेवर आदळले की दोन्ही चिखल होतात. बासने तिथे थोडं मागे राहावं.

हलग्या दोनच पुरेत, चार झाल्या की गायक बुडतो. आणि हलगीला माईक देऊ नका.