सायकल शंका-समाधान: जुन्या फ्रेमचे हँगर आणि ड्रॉपआउट

या खेपेला आलेल्या बहुतेक शंका मागच्या चाकाजवळच्या चार बोटं जागेबद्दल आहेत. मागचा अ‍ॅक्सल ज्या खाचेत बसतो ती जाड पट्टी म्हणजे ड्रॉपआउट. उजव्या ड्रॉपआउटला खाली जो कान असतो, ज्यात डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आवळला जातो, तो हँगर. जुन्या स्टीलच्या फ्रेमला तो बदलून मिळत नाही, फ्रेमचाच भाग असतो. म्हणून आधी मोजा, मग हत्यार उचला.

सत्तरच्या दशकातली प्यूजो पीएक्स-१० फ्रेम हाती आली आहे. शिमानोचा डिरेलर हँगरच्या भोकात शिरतच नाही. काय चुकतंय? (पुणे)

तुमचं काही चुकत नाही. ड्रॉपआउट नीट पुसून पाहा, त्यावर सिम्प्लेक्स या फ्रेंच कंपनीचं नाव असेल. सिम्प्लेक्सच्या हँगरचं भोक ९ मिमीचं आणि बिनआट्यांचं असतं. शिमानो आणि सनटूर या जपानी कंपन्यांचा बोल्ट १० मिमीचा, आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १ मिमी (थोडक्यात १०×१). इटलीच्या कंपान्योलोचे आटे इंचाला २६, पण फरक इतका थोडा की हे सगळे एकमेकांत बसतात. नशिबाने १०×१ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायला आधी जे भोक लागतं ते नेमकं ९ मिमीचंच, त्यामुळे ड्रिलची गरज नाही.

खरी अडचण टॅप आणताना येते. हार्डवेअरच्या दुकानात ‘१० चा टॅप’ मागितलात तर १०×१.५ हातात पडेल, कारण बाजारातले साधे बोल्ट त्या मापाचे. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात १.२५ मिळेल. दोन्ही चालणार नाहीत. तपासायची सोपी युक्ती आहे. जपानी हबचा, क्विक रिलीज (पान्ह्याशिवाय, एका खटक्याने चाक आवळणारा दांडा) असलेल्या मागच्या चाकाचा जुना पोकळ अ‍ॅक्सल १०×१ आट्यांचा असतो. तो सोबत न्या, टॅपच्या दात्यांना आडवा टेकवा आणि उजेडासमोर धरा. दात दातात बसले आणि मधून उजेडाची रेघ दिसली नाही, तर टॅप बरोबर. पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल नेऊ नका, तो ९ मिमीचा असतो.

टॅप बाहेरच्या बाजूने, तेल घालून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा चालवा. पहिले दोन फेरे फिरवून झाले की वरून आणि मागून पाहा. टॅप तिरका शिरला तर डिरेलर जन्मभर तिरका राहील. हाताचा भरवसा नसेल तर चांगल्या लेथवाल्याकडून करून घ्या.

एवढ्याने काम संपत नाही. शिमानोच्या डिरेलरचा बी-स्क्रू (डिरेलर चकत्यांपासून किती दूर राहील ते ठरवणारा) हँगरच्या एका टेकूला टेकतो आणि सिम्प्लेक्सला तो टेकू नाही. सायकल उजव्या बाजूने पाहा, भोक म्हणजे घड्याळाचं केंद्र समजा आणि ७ च्या जागी हँगरच्या कडेला कानशीने छोटी खाच घ्या. दोन घासे मारा, डिरेलर लावून पाहा, पुन्हा दोन घासे. आमचं मत विचाराल तर मूळ रंग आणि मूळ सिम्प्लेक्स डिरेलर शाबूत असेल तर या भानगडीत पडूच नका. पाडलेले आटे परत बुजत नाहीत.

फ्रेम पार्सलने आली. डिरेलर नवा, केबल नवी, तरी इंडेक्स (ठरावीक टप्प्यांनी बदलणारे) गिअर जुळत नाहीत. मधले लागले तर टोकाचे बिघडतात आणि सर्वांत मोठ्या चकतीवर चेन स्पोकमध्ये जाऊ पाहते. (नाशिक)

हँगर आत वाकला आहे. पार्सलमध्ये उजव्या बाजूवर वजन आलं की हटकून हेच होतं. आधीच्या मालकाला कळलं नसणंही शक्य आहे. शिमानोचं इंडेक्स शिफ्टिंग १९८४ मध्ये ड्युरा-एसवर आलं, त्याआधीच्या बिनटप्प्यांच्या फ्रिक्शन लीव्हरला थोडा वाकडा हँगर चालून जायचा, हात आपोआप सांभाळून घ्यायचा. इंडेक्सला ते जमत नाही.

मागून पाहा. डिरेलरच्या दोन्ही पुली चकत्यांना समांतर, एका उभ्या रेषेत दिसल्या पाहिजेत. खालची पुली चाकाकडे झुकलेली दिसली की निदान पक्कं. पण हँगर सरळ करण्याआधी दोन्ही ड्रॉपआउट एकमेकांना समांतर आहेत ना, ते बघा. ड्रॉपआउट नंतर हलवलात तर हँगरही हलतो आणि केलेलं काम वाया जातं.

दुकानातलं हत्यार म्हणजे हँगरमध्ये आटे बसणारा लांब दांडा. त्याचं टोक रिमपर्यंत पोचतं. ते नसेल तर दुसरं मागचं चाक घ्या. त्याचा अ‍ॅक्सल १०×१ च आहे. डिरेलर काढा, सायकलला सरळ, न डगमगणारं चाक बरोबर मध्यावर बसवा. दुसऱ्या चाकाचा क्विक रिलीजचा दांडा काढून, फ्रीव्हील (चकत्यांचा गठ्ठा) नसलेली बाजू हँगरकडे करून, त्याचा अ‍ॅक्सल हँगरमध्ये फिरवत न्या. लॉकनट हँगरच्या तोंडाला चपखल टेकला पाहिजे. आता दोन चाकं शेजारी उभी आहेत. त्यांच्या रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे असं चार जागी पट्टीने मोजा. चारही आकडे सारखे यायला हवेत, ४ मिमीपर्यंतचा फरक चालतो, इंडेक्सला २ च्या आत आणलेला बरा.

फरक दिसला तर बाहेरचं चाक रिमला धरून सावकाश ओढा. स्टील थोडं परत येतं, म्हणून हवं त्याहून किंचित पुढे न्या, सोडा, मोजा. पुढे-मागे असं दहा वेळा करू नका, त्याने स्टील कडक होऊन तडकतं. हँगरच्या मानेजवळ रंगाला केसासारखी बारीक रेघ दिसली तर तिथेच थांबा आणि ब्रेझिंग (पितळेचा डाग) करणाऱ्याला दाखवा. पान्ह्याने सरळ करणार असाल तर भोकात १०×१ चा जुना बोल्ट पूर्ण आत घालून ठेवा, नाहीतर भोक अंडाकृती होऊन आटे जातात.

२८ दातांची चकती टाकल्यापासून डिरेलरची वरची पुली तिला घासते. (कोल्हापूर)

शिमानोच्या रोड डिरेलरला अ‍ॅक्सलच्या केंद्रापासून हँगरच्या भोकापर्यंत २८ ते ३० मिमी अंतर अपेक्षित असतं. बऱ्याच जुन्या हँगरमध्ये ते कमी भरतं. बी-स्क्रू आत घ्या. पुरला नाही तर त्याच आट्यांचा लांब स्क्रू घाला. तोही पुरला नाही तर २६ दातांच्या चकतीवर समाधान माना.

जर्मनीत शिकतोय, जुनी स्टीलची रोड सायकल घेतली. मागच्या दोन ड्रॉपआउटमधली जागा १२६ मिमी, नवं चाक १३० चं. ताणून बसवू का? (म्युनिक)

१२६ म्हणजे ६ किंवा ७ गिअरची फ्रेम. ५ गिअरच्या जुन्या फ्रेमला १२० असतं. स्टीलची असेल तर प्रत्येक बाजूला २ मिमीच तर उघडायचे आहेत. पण दर वेळी हाताने ताणून चाक घालत राहिलात तर ड्रॉपआउट कायम तिरके राहतात, अ‍ॅक्सलवर वाकडा भार येतो आणि तो तुटू शकतो. एकदाच नीट वाकवून घ्या. एका बाजूचे पाइप फळीने हळूहळू बाहेर रेटा, मोजा, मग दुसरी बाजू.

मोजायला दोरा पुरतो. एका ड्रॉपआउटला बांधा, पुढे हेड ट्यूबला (हँडलखालच्या पाइपला) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणा. सीट ट्यूबपासून (सीटखालच्या उभ्या पाइपपासून) दोन्हीकडे दोऱ्याचं अंतर सारखं हवं. हे झालं की ड्रॉपआउट समांतर करा आणि शेवटी हँगर. क्रम उलटा नको. विटूस ९७९ सारखी चिकटवून जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असेल तर मात्र हात लावू नका.

चढावर जोर लावला की मागचं चाक वाकडं होऊन डाव्या पाइपला घासतं. (सातारा)

आडव्या खाचेच्या ड्रॉपआउटमध्ये चेन अ‍ॅक्सलचं उजवं टोक पुढे खेचते. आधी क्विक रिलीजचा दांडा काढून अ‍ॅक्सलची टोकं पाहा. ती ड्रॉपआउटच्या बाहेरच्या तोंडाच्या थोडी आतच राहायला हवीत. बाहेर आली असतील तर क्विक रिलीज ड्रॉपआउट न आवळता अ‍ॅक्सलच आवळतोय. १२६ च्या हबला अ‍ॅक्सल साधारण १३७ मिमी, १३० ला १४१. पत्र्यातून कापलेले पातळ ड्रॉपआउट असतील तर त्याहून आखूड लागेल. ते ठीक असेल तर क्विक रिलीज बदला: कॅम (खटक्यासोबत फिरून आवळणारा भाग) आत झाकलेला आणि नट स्टीलचा असलेला घ्या. उघड्या कॅमचे हलके नमुने आडव्या खाचेला पुरे पडत नाहीत.

ड्रॉपआउटच्या मागून आत जाणारे बारीक स्क्रू चाक धरून ठेवतात, असा समज आहे. ते फक्त चाक किती मागे बसेल ते ठरवतात, पुढे सरकणं अडवत नाहीत. ३ मिमीचे हे स्क्रू गंजून तुटतात. तुटक्याचं टोक खाचेत आलेलं असेल तर रात्रभर तेल सोडून सकाळी पकडीने धरा आणि घट्ट करण्याच्या दिशेनेच फिरवत पुढे बाहेर काढा.

सिंगल-स्पीड करतोय. हँगर कापून टाकू का? (ठाणे)

नको. तो कशाच्याही आड येत नाही आणि त्याचं वजन चिमूटभर आहे. कापलेला हँगर परत हवा झाला तर अ‍ॅक्सलला अडकवायचा पत्र्याचा सुटा हँगर लावावा लागतो.

इटालियन फ्रेमच्या ड्रॉपआउटला खाचेच्या कडेला दाते आहेत आणि हँगरच नाही. गंजामुळे अशी झीज होते का? घासून सपाट करू? (पणजी)

कानस खाली ठेवा. ती झीज नाही, कंपान्योलोच्या कांबियो कोर्सा गिअरची खूण आहे. त्यात चेन ताणणारी पुली नव्हती. सीट स्टेवर (सीटखालून मागच्या अ‍ॅक्सलकडे उतरणाऱ्या पाइपवर) दोन लांब दांडे असत. स्वार चालत्या सायकलवर एकाने मागचं चाक सैल करी, पेडल उलटे फिरवत दुसऱ्याने चेन हलवी, आणि चाक त्या दात्यांवरून पुढे-मागे गडगडून चेनचा ढिलेपणा भरून काढी. अ‍ॅक्सललाही तसेच दाते असतात, म्हणून दोन्ही बाजू एकदम सरकतात आणि चाक सरळ राहतं. गंज पितळी ब्रश आणि रॉकेलने काढा. उजव्या सीट स्टेवर दांड्यांच्या पकडीच्या खुणा आहेत का पाहा, आणि असतील तर रंगवायला देण्याआधी त्यांचे फोटो आणि मापं घेऊन ठेवा.