काका आणि डॉक्टर

"ताई, तक्रार करू की सोडून देऊ?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्यासमोर इतक्यांदा आला आहे, की समोरची व्यक्ती "आमचे डॉक्टर..." एवढं म्हणून थांबली तरी पुढचं मला कळतं. डॉक्टरांनी नीट तपासलं नाही, म्हणणं ऐकून घेतलं नाही, आणि बंद दारामागे विश्वासाने सांगितलेलं चारचौघांत पोचलं. रामबाग घ्या, लोकमान्य नगर घ्या, इंदूरच्या जुन्या मराठी घरांत डॉक्टर हा नुसता डॉक्टर नसतो. तो मुंजीला येतो, गणपतीच्या आरतीला येतो, आजीच्या शेवटच्या रात्री उशाशी बसलेला असतो. तक्रारीचा कागद पुढे घेतला की हे सगळं आठवतं आणि पेन अडतं.

रेवतीचं तसंच झालं होतं. तिचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

वय ३१, शाळेत गणित शिकवणारी, मुलगी आठ महिन्यांची. बाळंतपणानंतर सारखा थकवा, केस गळायचे, कारण नसताना रडू यायचं. सासरचे जुने डॉक्टर होते, सगळं घर त्यांना काका म्हणे, म्हणून तीही. एकदा धीर करून ती त्यांना म्हणाली, "काका, कधीकधी वाटतं, मी नसतेच तर बरं झालं असतं." काकांनी पाठीवर थोपटलं, झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि "मन रमव" म्हणाले. रक्ताची साधी तपासणी नाही, पुढचा एक प्रश्न नाही. (असं वाक्य तुमच्या घरात कुणाच्या तोंडून आलं तर ते थोपटून घालवू नका. त्याच दिवशी माणसाला तज्ज्ञांकडे न्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.)

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. पंधरावीस बायका, हातात वाण. काकांच्या पत्नीने अगदी मायेने, सगळ्यांसमोर विचारलं, "आता नाही ना गं येत जिवाचं बरंवाईट करायचे विचार?"

रेवतीने त्या गल्लीतून जाणं सोडलं. पुढे एक मैत्रीण तिला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी पहिल्याच भेटीत थायरॉइडची तपासणी करायला लावली, आणि ती बिघडलेली निघाली. बाळंतपणानंतर हे होऊ शकतं आणि त्यात थकवाही येतो, उदासीही. नैराश्यही होतंच. दोन्हींवर औषधं सुरू झाली, ती सावरू लागली, आणि अंगात बळ आलं तसा राग वर आला. माझ्याकडे आली ती तेव्हा.

घटनेइतकाच आपण तिला लावलेला अर्थ आपल्याला छळतो, असं मानणारी मी. त्यामुळे पहिल्या दोन भेटींत मी तिच्या रागाला हात घातला. तिसऱ्या भेटीत तिने मला थांबवलं.

"ताई, राग कमी करायला मी आलेले नाही. तो कुठे ठेवू, ते सांगा."

तिचं बरोबर होतं. राग योग्य जागीच आला होता, त्याला जायला वाट नव्हती.

"मग अडतंय कुठे?"

"यांना लहानपणी काविळीतून काकांनी उठवलं. आमच्याकडून कधी फी घेतली नाही. सासूबाई म्हणतात, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत."

"आणि तुला काय हवंय?"

"त्यांनी माझी माफी मागितलीच पाहिजे."

"नाही मागितली तर?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तर मी जन्मभर तिथेच उभी. हातात वाण घेऊन."

हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे. दुसऱ्याच्या 'पाहिजे'वर आपली सुटका टांगली की काय होतं, ते मला कुठल्याच व्याख्यानात इतकं नेमकं सांगता आलेलं नाही.

पुढच्या वेळी ती तक्रार लिहून घेऊन आली. आठ पानं. पहिलं वाक्य होतं, "काका, लग्नात तुम्ही मला सून नाही, लेक म्हणाला होतात." मी तिला मोठ्याने वाचायला सांगितलं. तिसऱ्या पानावर तिचा आवाज फुटला.

"हे कुणाला लिहिलंयस?"

"काकांना."

"आणि भोपाळला, वैद्यकीय परिषदेकडे काय पाठवणार?"

"हेच."

तिच्या पर्समध्ये वह्या तपासायचं लाल पेन असायचं. मी म्हटलं, "ते काढ. जिथे 'काका' आहे तिथे 'डॉक्टर' कर. बदलल्यावर जे वाक्य उभं राहत नाही, ते खोड."

अर्धा तास खोलीत फक्त पेनाचा आवाज होता. मी एक शब्द बोलले नाही, आणि गप्प राहणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. आठ पानांतली अकरा वाक्यं उरली. अमुक तारखेला डॉक्टरांना ही लक्षणं सांगितली. कोणतीही तपासणी सुचवली नाही. ही औषधं चार महिने दिली. मी खाजगीत सांगितलेली गोष्ट त्यांच्या पत्नीने अमुक दिवशी इतरांसमोर बोलून दाखवली.

ती त्या कागदाकडे बघत राहिली. "ताई, डॉक्टर चुकलेत. आणि काकांनी मला दुखवलंय. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत."

ते तिच्या तोंडून यावं म्हणूनच मी इतक्या भेटी थांबले होते. काकांबद्दलची कृतज्ञता तिला तशीच ठेवता येणार होती, काविळीची आठवण पुसायची गरज नव्हती. तक्रार नोंदणीकृत डॉक्टरांविरुद्ध होती. काकांच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी बायकोला काळजीपोटीच सांगितलं असेल. पण रुग्णाच्या घरातलं बाहेर नेऊ नये, ही शिकवण चरकसंहितेत शिष्याला दिलेली आहे. काळजी हे सांगण्याचं कारण होत नाही, हे आपल्याकडे फार जुनं आहे.

आजचा नियमही तेच सांगतो. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे नियम २००२ चे आहेत. न्यायालयाचा आदेश, ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार, एवढ्यांसाठीच रुग्णाचं गुपित उघड करता येतं. पत्नी, सासू, 'घरचेच आहेत' अशी सवलत त्यात नाही. मनाच्या आजाराबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा वेगळा हक्क देतं.

उपचारांबद्दल मात्र मी तिला सावध केलं. निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला, असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात हा फरक स्पष्ट केला आहे. तिथे बहुधा दुसऱ्या तज्ज्ञांचं मत लागतं. तिची गोपनीयतेची बाजू जास्त भक्कम होती.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी कागद गोळा करा: चिठ्ठ्या, रिपोर्ट, औषधांची बिलं. आपल्या नोंदी लेखी मागा, नियमाने त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलची तक्रार राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे जाते, आपली भोपाळला आहे. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदवहीतून नाव काढू शकते, पण भरपाई देत नाही. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तेही दोन वर्षांच्या आत. परिषदेच्या निर्णयासाठी नियमात सहा महिने लिहिले आहेत, तरी आपली झोप त्या तारखेला बांधू नका. आणि तक्रार न करण्याचं ठरवलंत तरी तो तुमचा निर्णय असू द्या, भीतीचा नको.

रेवतीला साक्षीदार मिळेना. हळदीकुंकवातल्या बायका "आम्हाला कशाला मध्ये घेतेस" म्हणाल्या. एका दुपारी तिच्या सासूबाई एकट्याच माझ्याकडे आल्या. खुर्चीच्या कडेला टेकून त्यांनी पहिलं विचारलं, "मी इथे काय बोलले, ते सुनेला सांगाल?"

"नाही. कुणालाच नाही."

त्या नंतर तासभर बोलल्या. काय बोलल्या ते माझ्यापाशी राहील. आठवड्याने रेवतीने दाखवलेल्या अर्जाला एक पान जोडलेलं होतं, "मी तिथे हजर होते, मी ऐकलं," आणि खाली सासूबाईंची सही.

अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला आहे, निकाल यायचा आहे. आठ पानांचं पत्र तिने फाडलं नाही, पाठवलंही नाही. हा लेख मी आधी त्या दोघींना वाचायला दिला. रेवतीने लाल पेन काढून दोन वाक्यं खोडली. ती इथे नाहीत.