सुधाकरचा खटला

सदाशिव पेठ, पुणे

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

कॉलेजात गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकावर अभिरूप न्यायालय भरतंय आणि तू सरकारी वकील झाली आहेस, हे वाचून बरं वाटलं. मसुदा मात्र पटला नाही. सुधाकरची बायको सिंधू आणि तिच्या बाळाच्या मृत्यूची जबाबदारी तू तळीराम, दारू, समाज, मुन्सफ अशी सगळ्यांना हळदीकुंकवाच्या वाणासारखी वाटून टाकलीस. एवढे आरोपी उभे केलेस की खरा आरोपी गर्दीतून निसटतो.

तळीरामापासून सुरुवात कर, बचाव पक्ष तिथूनच करणार. कोर्टात अपमान होऊन वकिलीच्या सनदेला मुकलेल्या सुधाकरपुढे पहिला प्याला त्याने धरला, हे खरं. पण नाटक रंगभूमीवर आलं १९१९ साली, आणि १८६० च्या दंड संहितेचं कलम ८५ तेव्हा लागू होतं. नकळत किंवा इच्छेविरुद्ध पाजली असेल, तरच नशेचा बचाव चालतो. सुधाकरला कुणी नाक दाबून पाजलेली नाही. तळीराम नीच आहेच. (नाटकातला सगळ्यात मजेदार माणूसही तोच, पण ते सोड.)

खरा जड मुद्दा पुढे आहे. दारू सोडून काम मागायला निघालेल्या सुधाकरला कुणी थारा देत नाही. इथे घाई करू नकोस. नकार देणारी माणसं राक्षस नाहीत, चारचौघांसारखीच आहेत. त्यांच्यावर ठपका ठेव, पण त्यांनी नाकारली ती नोकरी. मुलावर हात उचलला तो सुधाकरने. त्यांचा दोष धरला म्हणून याचा रतीभरही कमी होत नाही.

‘सिंधू माहेरी का गेली नाही?’ असं हमखास विचारतील. माहेरची पैसुद्धा घ्यायची नाही, या शपथेत ती बांधलेली आहे. शपथ घेणारीला विचारण्याआधी ज्याच्यासाठी ती घेतली त्या नवऱ्याच्या मानीपणाला विचारा, एवढं बोल आणि खाली बस.

तुझी अडचण वेगळीच आहे. मरताना सिंधू फौजदाराला खोटं सांगून नवऱ्याला वाचवते. मरणाऱ्याच्या तोंडी खोटं येत नाही या भरवशावर २०२४ पर्यंत लागू असलेला १८७२ चा पुरावा कायदा कलम ३२ मध्ये अशा जबाबाला किंमत देत होता, आणि मेलेल्या माणसाची उलटतपासणी होत नाही. शिवाजीनगर कोर्टात असे जबाब मी पाहिलेत. भाजलेली मुलगी ‘स्टोव्ह भडकला’ म्हणते आणि सासू कॉटच्या पायथ्याशी उभी असते. म्हणून सिंधूच्या पातिव्रत्याला टाळ्या पडतात तेव्हा माझे हात उठत नाहीत.

मग पुरावा कुठला? सुधाकरच. बायकोने सोडवलेलं असताना तो विष पितो. तिने दिलेली सुटका त्याला पचत नाही. खऱ्या कोर्टात याला कबुलीजबाब म्हणता येणार नाही. तू खुशाल म्हण, हरकत आली तर येऊ दे.

आणि मध्ये पदं लावण्याचा बेत रद्द कर. एक तर ती गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. शिवाय सिंधूची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या सुरात सिंधूच्या अंगावरचे वळ कुणाला दिसत नाहीत. तुला ते दाखवायचे आहेत.

मसुदा नव्याने लिहून रविवारी सकाळी ये. बचाव पक्षाचा वकील मी होतो.

तुझा,
काका