फिरता विक्रेता आणि परवाना

प्रश्न : परगावच्या फिरत्या विक्रेत्याकडून स्थानिक परवाना शुल्क घेण्यास अमेरिकेत कोणी आव्हान दिले होते काय?

उत्तर : होय. ओहायो राज्यातील सिनसिनाटीच्या एका पेढीसाठी टेनेसी राज्यातील मेम्फिसमध्ये लेखनसामग्रीचे केवळ नमुने दाखवून मागणी नोंदवणाऱ्या रॉबिन्स यांना, आठवड्याला १० किंवा महिन्याला २५ डॉलरचा परवाना न काढल्याबद्दल दंड झाला होता. आंतरराज्य व्यापारावर राज्याला असा कर बसवता येत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १८८७ मध्ये ती शिक्षा रद्द केली. मात्र १८९५ मध्ये मिसूरीत घोडागाडीतून शिवणयंत्र नेऊन तेथेच विकणाऱ्या फेरीवाल्याचा दंड याच न्यायालयाने कायम ठेवला, कारण माल राज्यात पोहोचलेला होता आणि परवाना सर्वच फेरीवाल्यांना सारखा लागू होता. हा भेद कायद्याने सुसंगत असला, तरी दारोदार माल वाहणाऱ्यावरच तो अधिक जाचक ठरतो, असे मला वाटते.