इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय'चा पहिला प्रयोग खरंच आपटला होता का? मग हा ऑपेरा इतका गाजला कसा?

हो, सपशेल आपटला. १७ फेब्रुवारी १९०४, मिलानचं ला स्काला हे ऑपेरागृह. शिट्ट्या, हशा, प्राण्यांचे आवाज! पुच्चिनीनं एकाच प्रयोगानंतर ऑपेरा मागे घेतला.

विरोधकांनी माणसं पेरली होती, असं नेहमी सांगितलं जातं. ते खरं असेलही, पण हुर्यो उडवायला जागा मुळात रचनेतच होती. दुसरा अंक जवळजवळ दीड तासाचा, मध्यंतराशिवाय. लग्न करून निघून गेलेल्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याची, पिंकर्टनची, वाट पाहत जपानी नायिका बटरफ्लाय रात्रभर जागते, ती रात्र तुटू नये हा पुच्चिनीचा हट्ट. संहितेच्या दोन लेखकांपैकी जाकोझा तीन अंकांसाठी भांडला होता; त्याचं ऐकलं गेलं नाही. त्यात बटरफ्लायच्या प्रवेशाची चाल ऐकून लोक 'बोहेम, बोहेम' ओरडले, म्हणजे आधीच्या 'ला बोहेम' या ऑपेरातली स्वतःचीच जुनी चाल परत वापरली हा टोमणा. पहाटेच्या दृश्यात खऱ्यासारखा पक्ष्यांचा किलबिलाट ठेवला होता. त्याला प्रेक्षागृहातून कोंबडे आरवून उत्तर मिळालं.

कथा पुच्चिनीची नव्हे. जॉन ल्यूथर लाँगची १८९८ची गोष्ट, तिच्यावरून अमेरिकन नाटककार बेलास्कोनं १९०० साली केलेली एकांकिका. ती पुच्चिनीनं लंडनमध्ये पाहिली. त्याला इंग्रजी जेमतेमच कळायचं, तरी प्रसंग मनात घुसला. (माझ्या मते हीच कथेची खरी परीक्षा.) जपानी चालींसाठी त्यानं इटलीतल्या जपानी राजदूताच्या पत्नीकडून गाणी ऐकली. लेखन चालू असतानाच फेब्रुवारी १९०३मध्ये मोटार उलटून त्याचा पाय मोडला आणि काम महिनोन् महिने रेंगाळलं.

दुरुस्ती झटपट झाली. २८ मे १९०४ला इटलीतल्याच ब्रेशिया शहरात नवी आवृत्ती आली: दुसऱ्या अंकाचे दोन भाग पाडून मध्ये विश्रांती, पहिल्या अंकातल्या दारुड्या काकाच्या गमतीजमतींना कात्री, बटरफ्लायच्या प्रवेशाच्या चालीत बदल आणि पिंकर्टनला शेवटी 'आदिओ, फ्योरीतो आझिल' हे निरोपाचं पद. मिलानमध्ये तो जवळपास निर्लज्जच वाटत होता. आता निदान पश्चात्ताप तरी करतो. या वेळी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. डिसेंबर १९०६ला पॅरिससाठी आणखी काटछाट झाली. नोकरांना पिंकर्टन हिणवतो तो भाग सौम्य झाला, त्याच्या अमेरिकन बायकोचं काम कमी झालं. आज बहुतेक ठिकाणी होतो तो याच वळणाचा पाठ.

ला स्कालानं मात्र पुच्चिनी हयात असेपर्यंत हा ऑपेरा पुन्हा केला नाही. १९२४ला पुच्चिनी वारला, १९२५ला तिथे पुन्हा प्रयोग झाला. मूळचा दोन अंकी पाठ ऐकायचा असेल तर संगीत-संचालक (कंडक्टर) रिकार्डो शाईनं डिसेंबर २०१६मध्ये ला स्कालातच तो केला होता. रेकॉर्डिंग घेताना पदांची यादी बघा: 'आदिओ, फ्योरीतो आझिल' नसेल तर तो १९०४च्या पहिल्या रात्रीचा पाठ.