ट्रायल्स बाइकवर फुल लॉकला वळताना पाय टेकतोच, काय करू? आणि नाशिकमध्ये सराव कुठे करू?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड ट्रायल्स गाडी (दगडधोंड्यांतून पाय न टेकता हळू चालवायची हलकी बाइक) घेतलीय, सरळ मस्त चालते, पण हँडल फुल लॉक केलं, म्हणजे एका बाजूला शेवटपर्यंत वळवलं की अर्ध्या वळणातच गाडी आतल्या बाजूला पडायला लागते आणि पाय टेकवावा लागतो. स्पर्धेत सेक्शनमध्ये, म्हणजे आखून दिलेल्या अडथळ्यांच्या टप्प्यात, एकदा पाय टेकला की दंडाचा एक पॉइंट, दोनदा टेकला की दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीन आणि फेल गेलात तर पाच, म्हणजे हे वळण जमल्याशिवाय बाकी काहीच जमत नाही, त्यामुळे आधी हेच शिकताय ते एकदम बरोबर आहे.

माझ्या मते तुम्ही वळणात गॅस सोडताय. नव्वद टक्के लोक तेच करतात, भीती वाटली की मनगट आपोआप बंद होतं. पण हँडल पूर्ण वळलेलं असताना पुढचं चाक गाडीला अडवतच असतं, मागून रेटा नसेल तर गाडी आत कोसळणारच ना. म्हणून गॅस आयडलच्या जरासा वर एका जागी धरून ठेवा, हलवूच नका, आणि स्पीड सगळा क्लच आणि मागच्या ब्रेकवर सांभाळा. क्लचवर एकच बोट, पूर्ण दाबायचा नाही आणि पूर्ण सोडायचाही नाही, गाडी जिथे ओढायला लागते त्या पॉइंटच्या आसपास खेळवत राहायचा. आत पडतेय वाटलं की क्लच केसभर सोडा, गाडी स्वतःच उभी राहते. पळतेय वाटलं की मागचा ब्रेक हलकासा. लॉकमध्ये असताना पुढचा ब्रेक मात्र दाबू नका, लगेच आत फेकते.

दुसरं म्हणजे अंग. रोडवर आपण गाडीबरोबर आत झुकतो, इथे उलटं, गाडी आत आणि आपण बाहेर. डावीकडे वळताना वजन उजव्या फुटपेगवर, कंबर उजवीकडे बाहेर काढलेली, उजवा गुडघा वाकलेला, डावा पाय जवळजवळ सरळ. हँडलला लटकू नका, हात सैल पाहिजेत, सगळा तोल पायांवर. आणि नजर चाकासमोरच्या दगडावर नाही तर खांद्यावरून मागे, जिथे बाहेर पडायचंय तिथे.

उजवीकडचं वळण बहुतेकांना जास्त जड जातं आणि त्याला कारण आहे. हँडल उजवीकडे लॉक झालं की गॅसचा हात पोटाजवळ येतो, मनगट दुमडतं आणि नकळत गॅस उघडतो. त्यासाठी वळायच्या आधीच ग्रिप जरा तिरकी धरा, दाराचा गोल नॉब धरतो तशी, म्हणजे कोपर वर राहतं आणि मनगट मोकळं. एवढ्या एका गोष्टीनं आमच्या ग्रुपमधल्या दोघातिघांचं उजवं वळण सुधारलं.

अजून एक, मागचं चाक पुढच्या चाकाच्या आतून कापत जातं. पुढचं चाक दगडाला चाटून काढलंत की मागचं नेमकं त्यावर चढणार, म्हणून थोडं बाहेरून एंट्री घ्या. उतारावर आडवं वळताना वजन दरीकडच्या पेगवर.

टायर प्रेशर चेक केलंय का? ट्रायल्स टायरला मागे ४-५ पीएसआय आणि पुढे ५-६ च्या आसपास ठेवतात. पण तुमचा मित्र एक्सपल्स (हिरोची ऑफ-रोड चालणारी रोडबाइक) घेऊन बरोबर येणार असेल तर त्यानं हे आकडे कॉपी करू नयेत, ट्यूबवाल्या साध्या टायरला एवढी कमी हवा ठेवली की ट्यूब फाटते. ती गाडी दीडशे किलोच्या वर आहे, तुमची सत्तरच्या आसपास असेल, त्यामुळे त्यानं मोठा गोल घ्यावा. टेक्निक सगळी तीच.

आता जागा. पांडवलेणी, चामरलेणीच्या पायथ्याला गाडी घालू नका प्लीज, आणि अंजनेरी तर संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे गिधाडांची घरटी आहेत. त्र्यंबक रोड किंवा गिरणारे साइडला कुणा ओळखीच्याचं शेत असेल तर विचारून एखादा मुरमाड पडीक तुकडा मागा, बागेपासून लांब, ड्रिपच्या नळ्यांवर टायर गेला तर शेतकऱ्याचं नुकसान होतं. पावसाळ्यात काळ्या मातीत जाऊच नका, चाकं चिखलानं भरतात आणि काहीच शिकायला मिळत नाही.

तिथे दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा, आधी आरामात, मग विटा जवळ जवळ सरकवत न्या. क्लच तापून, दाबला तरी गाडी ओढायला लागला की गाडी बंद करून थंड होऊ द्या, तेवढ्या वेळात टोनी बोऊचे व्हिडिओ बघा, हा स्पॅनिश रायडर २००७ पासून वर्षानुवर्षं सलग वर्ल्ड चॅम्पियन आहे. त्याच्या उड्या सोडून द्या, दोन उड्यांच्या मधे तो वळतो तेव्हा त्याचे गुडघे आणि क्लचवरचं बोट बघा, स्लो करून. मग परत विटांवर या, आणि जी बाजू अवघड जाते तिचे राउंड दुप्पट मारा.